सुलाबाईंची फसलेली सफरचंदं

आमच्या गल्लीत आजवर जे डोहाळे झाले ते सगळे आवाक्यातले. कुणाला चिंच, कुणाला भाजलेल्या मातीचा वास. एकीला तर रोज संध्याकाळी वेल्डिंगच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहायचं असायचं, आणि नवरा बिचारा शेजारी पिशवी धरून उभा. शेजारच्या क्रांतीला मात्र सातव्या महिन्यात काचेचं सफरचंद खावंसं वाटलं.

काचेचं म्हणजे टॉफी ॲपल. काडीला टोचलेलं अख्खं सफरचंद, त्यावर साखरेच्या पाकाचा लालसर, चकचकीत थर, दाताखाली कट् करून फुटणारा. लहानपणी तिनंच त्याला काचेचं सफरचंद असं नाव ठेवलं होतं.

तिचा नवरा बिरदेव इथेच कुपवाडच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. पोरगा सरळ. डोहाळा म्हटल्यावर सुट्टी टाकून सांगलीतल्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. एका बेकरीवाल्यानं सफरचंद दिलं, टॉफी दिली आणि म्हणाला, "दोन्ही एकदम चावायला सांगा." बिरदेवनं ते खरंच आणून बायकोपुढं ठेवलं. यावरून त्याच्या स्वभावाची बेरीज कुणालाही करता येईल.

घरात तिसरं माणूस म्हणजे बिरदेवची आई, सुलाबाई. माणमधून नवऱ्याच्या हवाली मेंढरं करून सुनेच्या बाळंतपणासाठी खास आलेली. येताना बाळाच्या गोधड्यांचं गाठोडं आणलं होतं. जुन्या मऊ लुगड्यांच्या, बारीक टाक्यांच्या. आल्या दिवशीच तिनं आमच्या सामाईक गॅलरीत त्या वाळत घातल्या. उन्हासाठी थोड्या, आम्हाला दिसाव्यात म्हणून जास्त.

"पैलं बाळंतपण म्हायेरी करायची रीत हाय," ती म्हणाली. "पर म्हायेर गप हाय. मग म्या करीन. चार लेकरं वाढवल्यात, कोकरांची तर गिनती न्हाई."

क्रांती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्या घड्या तिनं मोडल्या आणि परत घालायला घेतल्या.

माहेर गप्प का होतं, ते सांगायला हवं. क्रांतीचे वडील हंबीरराव, कडेगावजवळचे ऊसवाले शेतकरी आणि सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. लेकीनं मेंढरंवाल्यांच्या पोराशी सांगलीला नोंदणी करून लग्न केलं. घरी सांगायचं धाडस झालं नाही, रविवारी जाऊन सांगू म्हणाली. तो रविवार यायच्या आतच हंबीररावांना कुणीतरी बँकेच्या रांगेत पेढा दिला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कशाचा रं?" "आवं, तुमच्या क्रांतीच्या लग्नाचा की!"

पेढा गिळून झाला होता. लग्नाचा राग एकवेळ दोन महिन्यांत उतरला असता, पण रांगेतल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बापानं पेढा खाऊन विचारावी, याचा उतरेना. त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं आणि लेकीशी बोलणंही. गावाला वाटलं, सुभेदाराला साखर झाली. जो तो कारल्याचा रस सुचवू लागला आणि हंबीररावांनी, खरं कारण सांगायला नको म्हणून, तो चार-दोनदा प्यायलाही.

क्रांतीची आई रंगूबाई लेकीशी चोरून फोनवर बोलायची, नवरा रानात गेला की. आता चोरून म्हणायचं, पण हंबीरराव रानात जाताना फोन रोज घरीच विसरायचे. चाळीस वर्षं शिस्तीत काढलेला माणूस रोज तीच वस्तू विसरतो, तेव्हा ते विसरणं कुठल्या बाजूला मांडायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तर डोहाळा. सुलाबाईनं सुनेला विचारलं, "हे असलं खाल्लंवतंस कुठं तू?"

"पठाणकोटला," क्रांती म्हणाली. "आबांची पोस्टिंग होती. जवानांच्या कुटुंबांची जत्रा भरायची, प्रत्येक तुकडीचा एक स्टॉल. आबा ऊस-गुळाच्या मुलखातले म्हणून साहेबानं त्यांना पाकावर बसवलं. मी त्यांच्यासमोर स्टुलावर." मग म्हणाली, "आता कुठलं ते. जाऊ द्या आत्या, माझं काही अडलं नाही."

सुलाबाईनं उभा जन्म कळपामागं काढला आहे. कोणतं मेंढरू कमी आहे, ते तिला मोजायच्या आधी कळतं. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून सफरचंदं घेऊन आली.

पहिला घाणा सगळ्या गॅलरीनं बघितला. काड्या हव्या होत्या, तर बिरदेवनं कारखान्यातून स्टीलच्या सळ्या आणल्या. टोकं घासून, पॉलिश करून, सगळ्या एका मापाच्या. सुलाबाईनं साखरेचा पाक चढवला आणि पाक कढेपर्यंत एकेक सफरचंद हातात घेऊन त्याला तुपाचं बोट फिरवलं. लाडू वळताना, वड्या थापताना, चिकट कामात आधी तूप लावायचं हे तिच्या हातांना कुणी सांगावं लागत नाही. इतकं मायेनं चोळलं की सफरचंदं न्हाऊ घातलेल्या बाळासारखी दिसायला लागली.

मग ती पाकात बुडवली. बाहेर काढली तशी साखर सरसर घसरून खाली, आणि सफरचंद वर तसंच, नुसतं ओशट. दुसरं बुडवलं, तेच. तिसऱ्याला सळी तापून बिरदेवच्या बोटाला चटका बसला आणि सफरचंद कढईतच पडलं.

क्रांती पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी. पण हसू संपल्यावर ती जरा जास्तच वेळ कढईकडं बघत राहिली, आणि सुलाबाई तिच्याकडं.

संध्याकाळी सुलाबाई बिरदेवला घेऊन गॅलरीत आली. "लाव," म्हणाली.

"कुणाला?"

"तुज्या सासऱ्याला."

"आये, ते फोन ठेवतील."

"ठेवू दे. ठेवायला तरी उचलावा लागंल न्हवं?"

सुलाबाई फोन कानाला लावत नाही. भाकरीसारखा तळहातावर धरते आणि स्पीकर सुरू ठेवते. त्यामुळं पुढचं सगळं आम्ही कान न लावता ऐकलं, हे आधीच सांगून ठेवतो.

"सुभेदार हंबीरराव बोलतोय."

"मी सुलाबाई. बिरदेवची आई."

पलीकडं अंगणातल्या ट्रॅक्टरचा आवाज तेवढा येत होता.

"फोन ठिवू नगासा," सुलाबाई म्हणाली. "सोयरीक सांगाया केला न्हाई. मला फकस्त इचारायचं हाय, सफरचंदाला साखरेचा पाक का चिकटंना?"

ट्रॅक्टर थांबला.

"वरनं काय लावलंतं का?" आवाज आला.

"तूप. चिकटू नये म्हणून."

"आवं बाई, चिकटावं म्हणून तर समदा खटाटोप हाय!"

"आता मला काय ठावं? आमच्याकडं चिकटतंय त्याला तूप लावत्यात."

"आन् काडी कशाची?"

"सळी हाय. स्टीलची."

"सफरचंद हाय का नटबोल्ट!" सुभेदार कडाडले. मग आवाज खाली आला. "बाजारच्या सफरचंदाला मेण असतंय. कडक पाण्यात बुडवून काढा, खसाखसा पुसा. थेंब ऱ्हाता कामा न्हाई. काडी लाकडाची. पाक एकतारी-दोनतारीवर थांबवू नका, फुडं जाऊ द्या. गार पाण्यात थेंब टाकला तर कट् वाजला पायजे. आन् ढवळायचं बिलकूल न्हाई."

"बरं."

"बास?"

"बास."

फोन बंद झाला. क्रांती दाराआड उभी होती. दोन वर्षांनी तिनं बापाचा आवाज ऐकला होता, आणि तोही नटबोल्टबद्दल बोलताना. ती आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

आता एक खरी गोष्ट. पुढच्याच घाण्याला सुलाबाईला सफरचंदं जमली. अगदी झकास जमली. आम्हाला ठाऊक आहे, कारण एक आमच्या घरी आलं. आरशासारखं चकचकीत, दाताखाली असं फुटलं की वरच्या मजल्यावरची पोरं खाली बघायला आली. सुलाबाई ते देताना एवढंच म्हणाली, "खावा, पर जमलं म्हणून बोभाटा करू नगा."

आणि त्याच संध्याकाळी गॅलरीत फोन. "सुभेदार, फसलं."

"काय झालं?"

"साखरेची परत साखर झाली."

"ढवळलं आसंल तुमी."

"सवय हो हाताला."

दोन दिवसांनी परत. करपला. मग पाघळला. मग रंगच आला नाही. प्रत्येक फसलेलं सफरचंद आमच्या घरी यायचं आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा सरस असायचं. त्या आठवड्यात खोटं सुलाबाई बोलली आणि गोड आम्ही खाल्लं. वाटणी बरी झाली.

पण सुलाबाईला नुसती लबाड म्हणावं तर तेही खरं नव्हतं. जमलेलं पहिलं सफरचंद तिनं क्रांतीच्याच हातात दिलं होतं. क्रांतीनं एक घास घेतला. "छान झालंय आत्या," म्हणाली. आणि उरलेलं ताटलीत ठेवून दिलं. डोहाळा पुरवला गेला की नाही, हे खाणारीच्या ताटलीत दिसतं. ताटलीत सफरचंद होतं. मग फसलं म्हणण्यात सुलाबाईचं काय चुकलं?

फोनवर हंबीरराव सफरचंद सोडून एक शब्द बोलत नसत. क्रांतीचं नाव तर नाहीच. पण एकदा बोलता बोलता विचारलं, "जे कोण खानार हाय, त्याला कडक चालतंय न्हवं? दात वगैरे?"

"दात बरं हाईत खानाराचं," सुलाबाई म्हणाली. "पायावर जराशी सूज हाय."

हंबीरराव म्हणाले, "मीठ कमी करा म्हणावं."

"सफरचंदात मीठ कुठं असतंय, सुभेदार?"

"...कशातलंबी."

क्रांती दाराआडच होती. आता ती रोजच त्या वेळी दाराआड असायची, हातात काहीतरी काम घेऊन.

एका रात्री जेवण झाल्यावर सुलाबाई आमच्याकडं बसली होती. आम्ही विचारलंच, "सुभेदार आले तर सून माहेरी जाईल बाळंतपणाला. मग तुमच्या गोधड्या?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गोधडी कडेगावातबी ऊबच देती की," ती म्हणाली. मग उठून गेली. बाळाची पहिली अंघोळ, पहिलं तेल, आपल्या पायांवर उताणं घेतलेलं ते एवढंसं अंग, या सगळ्यासाठी ही बाई मेंढरं सोडून आली होती. ते सगळं ती एकेका फोननं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या घरी पोचवत होती, आणि फोन चुकवत नव्हती.

शेवटी शनिवारी हंबीररावांचा धीर सुटला. "आवं बाई, पाक फोनवर कळत नसतोय. डोळ्यानं बघावा लागतोय."

"मग बघा की येऊन."

"ऊसतोड लागलीया माजी."

"ऊस उभा ऱ्हाईल. डोहाळा ऱ्हायचा न्हाई," सुलाबाई म्हणाली. "डोहाळा पुरा न्हाई झाला तर पोराची लाळ गळती, ठावं हाय न्हवं? जलमभर गळंल. आन् लोकं इचारतील, कुणाचं वो नातवंड हे? मी आपलं खरं काय ते सांगनार."

पलीकडून फोन बंद झाला. सुलाबाईनं तो पदराला पुसला. "येतंय," म्हणाली.

रविवारी सकाळी गल्लीत मोठी गाडी उभी राहिली. आतून हंबीरराव उतरले. इस्त्रीचा शर्ट, मिशा नीट विंचरलेल्या, हातात पितळी कढई. आमची नजर गाडीच्या मागच्या सीटवर गेली. तिथं दोन उश्या आणि घडी घातलेली रजई होती. कढईला उशी लागत नाही. आम्ही ते मनात मांडून ठेवलं आणि बिरदेवला हाक मारली, "अरे, पाहुणे आले!"

बिरदेव धावत येऊन पाया पडला. हंबीररावांनी त्याच्या बोटाकडं पाहिलं. "सळी?"

"व्हय आबा."

"बरं झालं. ध्यानात ऱ्हाईल."

एवढंच. पण ते एवढंच ऐकून बिरदेवचे खांदे चार बोटं खाली आले.

घरात शिरल्यावर त्यांनी क्रांतीकडं बघितलं नाही. शेगडीकडं बघितलं, फडताळाकडं, नळाकडं. एखाद्या छावणीची तपासणी करावी तसं. क्रांती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. तिचं पोट मात्र चौकटीत कुणाला न दिसण्याजोगं राहिलं नव्हतं. हंबीरराव तिच्या बाजूनं वळताना दर वेळी तिच्या पोटाला धक्का लागू नये एवढं अंतर सांभाळून वळत होते.

"लिंबू?" त्यांनी विचारलं.

"त्या डब्यात..." बिरदेव बोलून गेला आणि सुलाबाईनं कपाळाला हात लावला.

डबा उघडला गेला होता. आत तीन टॉफी ॲपल. एकाहून एक. हंबीररावांनी एक काडीला धरून खिडकीच्या उजेडात फिरवलं. नखानं टिचकी मारली. कट्.

"हे फसलेलं?"

सुलाबाईनं पदर सावरला. खोटं पकडलं गेल्यावर माणसं खाली बघतात. ती सरळ त्यांच्याकडं बघत म्हणाली, "फसल्यालंच हाय. तिनं खाल्लं न्हाई."

हंबीररावांनी सफरचंद डब्यात परत ठेवलं, हळूच, दुसऱ्याला लागू नये असं. मग कढई चढवली. साखर, पाणी, लिंबाचे चार थेंब. आणि खिशातून कागदाची पुडी काढली. घरच्या गुळाचा खडा, सुपारीएवढा. तो पाकात टाकल्याबरोबर रंग बदलला आणि आमच्या गॅलरीपर्यंत गुऱ्हाळाचा वास आला.

"गूळ!" क्रांतीच्या तोंडून निघालं. "पठाणकोटलापण घातला होता. आईनं दिलेला."

"साहेबाला सांगितलं न्हवतं," हंबीरराव कढईकडं बघत म्हणाले. त्यांचं दोन वर्षांतलं लेकीशी पहिलं बोलणं ते हे.

पाक जाड जाड बुडबुडे सोडू लागला. त्यांनी गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला. तो तळाशी जाऊन गोठला. त्यांनी तो बाहेर काढला, आणि तेवढ्यात त्यांच्यासमोर एक तळहात आला. पसरलेला. पठाणकोटला स्टुलावर बसलेल्या पोरीचं काम हेच होतं. पाक झाला की नाही, ते ती चावून सांगायची.

हंबीररावांनी त्या हाताकडं पाहिलं. गोठलेल्या थेंबाचे चिमटीत दोन तुकडे केले. एक तिच्या हातावर ठेवला. दुसरा, बँकेच्या रांगेपासून गोडाला न शिवलेल्या आपल्या तोंडात टाकला.

कट्. आणि लगेच दुसरं कट्.

"झालाय?" त्यांनी विचारलं.

"झालाय," क्रांती म्हणाली. तुकडा अजून तिच्या दातात होता. "आबा, मी रविवारी येऊन सांगणार होते. खरंच."

"कळलं मला नंतर. तुझ्या आईनं सांगितलं."

"भ्याले मी."

"मला?" ते पहिल्यांदा तिच्याकडं बघत म्हणाले. "आगं, मी वरडलो असतो चार दिस. वरडून वरडून गप झालो असतो."

"मग वरडायचं की! गपच बसलासा ते."

"चुकलं," हंबीरराव म्हणाले. आणि लगेच, "सफरचंद दे हिकडं, पाक फुडं जाईल."

ते सफरचंद क्रांतीनं अख्खं खाल्लं. देठासकट खाते की काय वाटलं. ताटलीत काडी आणि बिया तेवढ्या राहिल्या. सुलाबाईनं ती ताटली स्वतः उचलली, निरखून बघितली आणि मग आत नेली.

बाहेर आली ती गोधड्यांचं गाठोडं घेऊन. कुणी न्यायचं नाव काढलं नव्हतं, पण उश्या तिनंही पाहिल्या होत्या. गाडीपाशी जाऊन तिनं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं, वरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "हिरवी हाय ती पैल्यांदा घाला, पावणं. लय मऊ हाय ती."

"आन् तुमचं गाठोडं कुठाय, इहीणबाई?" हंबीररावांनी विचारलं.

"माजं? माजं काय काम तितं? म्हायेरी आई असती पोरीची."

"आईचं मनगट धरलंय. पिळा-चोळायचं जमत न्हाई तिला."

"आवं पर सासूनं सुनंच्या म्हायेरी जाऊन ऱ्हायचं? लोकं काय म्हणतील?"

"लोकं मला कारल्याचा रस पाजत्यात. त्यांचं काय ऐकता?" त्यांनी कढई फडक्यात गुंडाळली. "तुमी सफरचंदाला तूप चोळलं, तवाच मी रंगूला म्हणलं, ह्या बाईला पोराला तेल लावायची लय घाई झालीया. चला. तुमच्या मालकांना मी फोन करतो, मेंढरं बघतील ते."

सुलाबाई तशीच वळून जिना चढली. पिशवी भरायला तिला इतका कमी वेळ लागला की ती आधीच भरलेली होती की काय, असं आम्हाला वाटलं. पण ते आम्ही विचारलं नाही.

गाडी निघाली तेव्हा मागं दोन्ही उश्यांच्या मधे क्रांती, पुढं सुलाबाई, आणि सुलाबाईच्या मांडीवर अजून कोमट असलेली कढई. बिरदेव हात हलवत राहिला. त्याच्या दुसऱ्या हातात डबा होता. आतली ती तीन फसलेली सफरचंदं संध्याकाळी आमच्याकडंच आली.